सात शेपट्या

छापखान्यात तिला तोंडावर 'बाई' म्हणत आणि पाठीमागे 'शेपटीबाई'. पाठीमागचं नाव तिला ठाऊक होतं आणि त्याचा तिला राग नव्हता. एवढी एक गोष्ट सोडली तर बाकी बहुतेक गोष्टींचा होता. औषधाच्या बाटलीवरचं चुकलेलं स्पेलिंग, दुकानाच्या पाटीवर पडून गेलेली वेलांटी, दवाखान्याच्या दारावर 'शांतता राखा'मधला उडालेला काना, यांतली कुठलीही गोष्ट तिचा दिवस नासवायला पुरेशी होती. नवरा म्हणायचा, घरात वर्तमानपत्र आलं की आधी मी वाचून घेतो, नंतर ते लाल होतं. तो हे पाहुण्यांनाही सांगायचा, आणि पाहुणे हसले की बाई आत निघून जायची.

शेपटी म्हणजे अपॉस्ट्रॉफी. इंग्रजी अक्षरांच्या डोक्यावर, दोन अक्षरांच्या मधे लोंबणारं ते बारकं वळण. या छापखान्यात जुन्या इंग्रजी पुस्तकांची, पत्रांची, रोजनिशांची छपाई होत असे. थोरल्या मालकांना त्याचा नाद होता आणि ग्रंथालयं त्यांच्याकडेच कामं धाडत. त्या जुन्या लिखाणात शेपट्यांचा नुसता सुळसुळाट. आज ज्या क्रियापदाच्या शेवटी आपण मुकाट्यानं ई आणि डी लिहितो, तिथे त्या काळचे लोक ई काढून टाकत आणि तिच्या जागी शेपटी लटकवत. धुतलं, उकळलं, चाललं, बोललं, सगळ्याला शेपटी.

बाईला हे माहीत नव्हतं तेव्हाची गोष्ट. तेविसाव्या वर्षी, पदवीचा कागद नवाकोरा असताना, ती नोकरी मागायला आली होती. तेव्हा छपाईचे शिशाचे खिळे हातानं जुळवत. खिळे जुळवणाऱ्यांचे मुख्य होते भिंगवाले गुरुजी; भिंग दोरीनं गळ्यात, बोटं कायमची काळी. त्यांनी तिच्यापुढे एक प्रूफ टाकलं आणि चुका काढायला सांगितलं. तिनं अर्ध्या तासात एका पानावर चाळीस चुका काढल्या, प्रत्येक शेपटी खोडून तिथे ठसठशीत ई घातली, आणि शाबासकीची वाट पाहत उभी राहिली.

गुरुजींनी भिंग लावून पान पाहिलं. म्हणाले, "चाळीस चुका आहेत खऱ्या. सगळ्या तुझ्या."

मग त्यांनी तिला बसवून घेतलं आणि टेबलावर बोटानं ठेका धरून ओळी म्हणून दाखवल्या. पूर्वी ही ई तोंडानं म्हणत, ते म्हणाले. शब्दाला शेवटी एक वेगळा ठोका असायचा. पुढे लोक बोलता बोलता तो गिळायला लागले. गिळला आहे हे ज्याला कागदावर दाखवायचं होतं, तो शेपटी लावी. "शेपटीचा अर्थ एवढाच, की इथे कुणीतरी होतं आणि आता नाही. तू ई परत घातलीस, म्हणजे जसं काही घडलंच नाही."

नोकरी मिळाली. त्या दिवसापासून एकतीस वर्षं बाईनं एकही शेपटी हरवू दिली नाही. गुरुजी गेले, खिळे भंगारात गेले, संगणक आले, थोरले मालक थकून घरी बसले आणि धाकटे मालक खुर्चीवर आले. बाई त्याच खिडकीपाशी, त्याच टेबलावर, मूळ प्रत डावीकडे आणि प्रूफ उजवीकडे ठेवून ताडत राहिली. या कामाचं एक आहे. ते बरोबर झालं तर कुणाला दिसत नाही, आणि चुकलं तर सगळ्यांना पहिल्यांदा तुम्हीच दिसता. एकतीस वर्षांत कुठल्याही पुस्तकावर तिचं नाव आलं नव्हतं. तिनं मागितलंही नव्हतं. मागण्यातला अपमान तिला आधीच दिसायचा.

आणि मग रंगारणीची वही आली.

ग्रंथालयाला एका जुन्या पेटीत ती सापडली होती. दोन-सव्वादोनशे वर्षांपूर्वीची एक रंगाऱ्याची बायको. नवरा कापड रंगवायचा आणि ही वहीत टिपून ठेवायची. कुठली साल किती वेळ उकळली, कुठलं सूत कितीदा बुडवलं, वारा होता की नव्हता. मधूनच घरातली एखादी ओळ. छप्पर गळलं. सासूचे पाय सुजले. कागद महाग असावा, किंवा ती काटकसरी असावी. एक शब्द जास्तीचा नाही. मुलांची नावंसुद्धा तिनं लिहिली नव्हती. थोरलं, मधलं, लहानगं, नवं, एवढंच. कापडांनाही ती तसंच म्हणायची. इंग्रजीत 'लहानगं' म्हटलं की ते कापड असू शकतं आणि मांडीवरचं लेकरूही. भाषाच तशी आहे.

आता इथे नीट लक्ष द्यायला हवं, कारण पुढचं सगळं भांडण एवढ्यावर आहे. इंग्रजीत 'रंगवलं' आणि 'मेलं' हे दोन शब्द कानाला एकच. डाइड आणि डाइड. रंगवल्याचं स्पेलिंग डी, वाय, ई, डी. मेल्याचं आजचं वेगळं आहे, पण त्या काळी बरेच जण तेही वाय घालूनच लिहीत आणि ईच्या जागी शेपटी लावत. डी, वाय, शेपटी, डी. रंगारणीनं धुतलं, उकळलं, वाळलं अशा सगळ्या शब्दांना शेपट्या लावल्या होत्या. फक्त एका शब्दाला नाही. 'रंगवलं' हा शब्द वहीत दोनशेहून जास्त वेळा आला होता आणि प्रत्येक वेळी तिनं ई पुरती लिहिली होती. शेपटीचं रूप आलं होतं सात वेळा.

बाईच्या ते दुसऱ्या वाचनात लक्षात आलं. तिसऱ्या वाचनात तिनं सातही जागा मूळ वहीच्या छायाचित्रांशी भिंगाखाली ताडल्या, आणि मग पेन खाली ठेवून खिडकीबाहेर पाहत बसली. रंगारणीनं हे ठरवून केलं होतं. सकाळ-संध्याकाळ जो शब्द कापडासाठी लिहायचा, तोच लेकरासाठी लिहायला तिचा हात धजला नव्हता, म्हणून तिनं एक शेपटी तेवढी राखून ठेवली होती. दुसरं तिच्यापाशी होतंच काय? बाईनं ग्रंथालयाला कळवलं. उत्तर आलं, मूळ प्रतीप्रमाणेच छापावे. आणि त्याच पत्रात होतं, की मुखपृष्ठामागच्या पानावर मुद्रितशोधक म्हणून आपले नाव छापावे, अशी आमची इच्छा आहे.

हे पत्र बाईनं नवऱ्याला तीनदा वाचून दाखवलं. तो तिसऱ्यांदाही हसला नाही, हे त्याचं चांगुलपण.

एक गोष्ट मात्र तिनं नवऱ्याला कधीच सांगितली नव्हती. बाईची आई विचारलं की सांगायची, "मला पाच." वाढलेली तिघंच, दोघं अंगावर असतानाच गेली. पण आईनं पाच म्हणणं सोडलं नाही. ती गेली तेव्हा सरकारी कचेरीत फॉर्म भरायला बाईच गेली होती. त्यात 'अपत्ये' असा रकाना होता. तिनं विचारलं, तर खिडकीतला माणूस मान वर न करता म्हणाला, हयात असतील तेवढीच. मागे मोठी रांग, उकाडा. बाईनं लिहिलं, तीन. घरी आल्यावर तिला कळलं आपण काय केलं ते. दुसऱ्यांच्या चुकांवर लाल पेन उगारत जन्म काढलेल्या बाईनं आपल्या आईची दोन लेकरं स्वतःच्या हातानं खोडली होती. त्याला सहा वर्षं झाली होती आणि राग तसाच होता, फक्त तो कुणावर काढायचा ते ठरत नव्हतं.

शेवटच्या प्रूफावर बाईनं 'छापण्यास हरकत नाही' लिहून सही केली आणि आठवड्याची रजा घेतली. परत आली तेव्हा छापलेले फर्मे, म्हणजे अजून न शिवलेल्या पानांच्या घड्या, बाइंडिंगच्या खोलीत थप्प्या लावून ठेवले होते. आपलं नाव बघावं म्हणून ती गेली, हे कबूल करायला हवं. नाव होतं. शाई छान लागली होती. मग तिनं सवयीनं दुसऱ्या थप्पीतला एक फर्मा उचलला.

शेपट्या नव्हत्या. धुतलंवर नव्हती, उकळलंवर नव्हती. तिनं एकसष्टावं पान उलगडलं. तिथे लिहिलं होतं, लहानगं गुरुवारी उजाडायच्या आत रंगवलं.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणतात ते तिला आयुष्यात अनेकदा झालं होतं, निदान तिचा तसा समज होता. त्या सकाळी तिला कळलं की ते सगळं किरकोळ होतं.

ती आधी संगणकावरच्या ऑपरेटरकडे गेली. हा चाळिशीचा, कमी बोलणारा गृहस्थ. त्यानं काहीही लपवलं नाही. धाकट्या मालकांनी सांगितलं, शेपट्या जुनाट दिसतात, शिकणाऱ्या मुलांना छपाईच्या चुका वाटतील, सगळ्या काढून ई घाला. त्यानं संगणकाला एक हुकूम दिला आणि पडद्यावर आलं, नऊशे चौदा ठिकाणी बदल केले. त्यांतले काही शब्द स्पेलिंग चुकल्यामुळे लाल झाले, ते त्यानं एकेक करून सुधारले. "हे सात लाल झालेच नाहीत, बाई," तो म्हणाला. होणार कसे? 'रंगवलं' हा शब्द बरोबरच आहे. यंत्राला बरोबर शब्दाचा राग येत नाही.

धाकट्या मालकांच्या खोलीत पंख्याखाली जे झालं ते भिंतीपलीकडे सगळ्यांनी ऐकलं. धाकटे मालक वाईट नव्हते. गुळगुळीत होते. बाईनं ग्रंथालयाचं पत्र पुढे ठेवलं; ते म्हणाले, ग्रंथालयाला मी सांगतो, वाचणाऱ्याला संदर्भावरून कळतं. बाई म्हणाली, रंगाऱ्याच्या वहीत 'रंगवलं' वाचून कुणाला काय संदर्भ लागणार? ते म्हणाले, सात शब्दांसाठी पुन्हा छपाई होत नसते. मग निदान शुद्धिपत्र लावा, ती म्हणाली. ते म्हणाले, शुद्धिपत्र लावणं म्हणजे आपलंच नाक कापून घेणं. मग ती म्हणाली, माझी सही घेतलीत आणि नंतर मजकूर बदललात, तर माझं नाव काढा.

धाकटे मालक मनापासून हळहळले. "तेही आता छापून झालंय ना, बाई."

बाई बाहेर आली. तिला रडू येत होतं आणि त्याचाही तिला राग आला. मग ती आपल्या टेबलाशी गेली आणि खणातून ब्लेड काढलं. खिळ्यांच्या काळात गुरुजी छापून झालेल्या पानावरचं अक्षर ब्लेडच्या टोकानं खरवडून काढत. कागदाला भोक पडू न देता फक्त शाई उचलायची, मग नखानं कागद घासून गुळगुळीत करायचा. तिला येत होतं ते. बाइंडिंगच्या खोलीत जाऊन तिनं एकसष्टावं पान समोर घेतलं, ई खरवडली, आणि बारीक निबानं काळी शेपटी काढली. बाकीच्या नऊशेंना आता इलाज नव्हता; या सात तरी.

बाइंडिंगवाल्या मावशी दाभण हातात धरून बघत होत्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. काय करताय, त्यांनी विचारलं. बाईनं सांगितलं, एका बाईची सात मुलं मेली आणि आपल्या मालकांनी ती रंगवली. मावशींनी दाभण खाली ठेवलं.

"किती प्रती?"

"दोनशे."

"मग बसा," मावशी म्हणाल्या. "तुमचं होईपर्यंत मी शिवत नाही."

धाकट्या मालकांनी दोनदा येऊन पाहिलं. तुमच्या वेळात काय ते करा, म्हणाले. तिच्या कामाला हरकत घेणं त्यांना जड गेलं असावं, किंवा बाईच्या हातात ब्लेड होतं. ती सकाळी तासभर लवकर यायची आणि डबा खायच्या सुट्टीत बसायची. तिसऱ्या दिवशी ऑपरेटर स्वतःचं ब्लेड घेऊन आला आणि शेजारी बसला. त्याच्या पहिल्या दोन शेपट्या उलट्या वळल्या. बाईनं त्या पुन्हा काढायला लावल्या. तेराव्या दिवशी काम संपलं. मोजायला गेल्यावर मावशी म्हणाल्या, एकशे पंच्याण्णवच आहेत. धाकटे मालक म्हणाले, पाच संच आधीच नमुन्याला गेले. बाई इतकी थकली होती की तिनं ते ऐकून घेतलं.

प्रकाशन ग्रंथालयाच्या सभागृहात, दुपारी. शंभरेक खुर्च्या, निम्म्या भरलेल्या. बाई तिसऱ्या रांगेत, नवरा शेजारी, ऑपरेटर आणि मावशी मागे. मंचावर धाकटे मालक धरून पाच माणसं आणि पाच प्रती, कागदात गुंडाळलेल्या. प्रमुख पाहुणे एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले, पांढऱ्या केसांचे, गोड आवाजाचे गृहस्थ होते. त्यांनी भाषणात रंगारणीचं फार कौतुक केलं. तिची भाषा किती साधी, ते म्हणाले, आणि माइकसमोर पान उघडून त्यांनी वाचलं. लहानगं, गुरुवार, उजाडायच्या आत, डाइड. कानाला काहीच फरक नव्हता. बाई मान खाली घालून ऐकत होती.

मग पाहुणे म्हणाले, "बघा, लहानसहान कापडसुद्धा ही बाई पहाटे उठून रंगवायची. उन्हानं रंग उतरू नये म्हणून. केवढी ही कामावरची माया."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बाईनं मान वर केली. पाच माणसं, पाच प्रती. नमुन्याला गेलेले पाच संच. खरवडलेली पानं मोठ्या लोकांच्या हातात जाऊ नयेत म्हणून धाकट्या मालकांनी ते आधीच बाजूला काढले होते आणि दुसरीकडे शिवून घेतले होते. नवऱ्यानं तिच्या हातावर हात ठेवला. मग तिचा चेहरा पाहिला आणि हात काढून घेतला.

ती उठली तेव्हा टाळ्या अजून चालूच होत्या. मंचाच्या तीन पायऱ्या चढून ती पाहुण्यांपाशी गेली. पर्समध्ये तसंच राहून गेलेलं ब्लेड आणि पेन काढलं. धाकटे मालक खुर्चीतून अर्धे उठले आणि दात आवळून म्हणाले, बाई, खाली जा. तिनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"जरा द्या," ती पाहुण्यांना म्हणाली. त्यांनी प्रत दिली. अशा आवाजात कुणी काही मागितलं की माणूस देतो.

तिनं पुस्तक भाषणाच्या टेबलावर ठेवलं आणि खरवडायला सुरुवात केली. माइक चालू होता. ब्लेडचा खरखर आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. पाहुण्यांनी हळूच विचारलं, हे काय करताय?

"ते कापड नव्हतं," बाई म्हणाली. "तिचं लेकरू होतं. ते त्या गुरुवारी गेलं. तिनं तसंच लिहिलंय. आम्ही ते रंगवलं."

ती मान वर न करता बोलत होती, त्यामुळे सगळं माइकमध्ये गेलं. तिनं एकसष्टावरची शेपटी काढली, फुंकर घातली आणि पान पाहुण्यांपुढे धरलं. ते जन्मभर इंग्रजी शिकवलेले गृहस्थ. एका शेपटीनं त्यांना सगळं कळलं. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली, या वेळी मनात. मग चष्मा काढून हातात धरला. त्यांनी विचारलं, "अशी किती?"

"सात. पुढचं चौऱ्याऐंशीवर आहे." मग तिनं धाकट्या मालकांकडे पाहिलं. "पाच प्रती आहेत. वेळ लागेल. तुम्ही बसून घ्या."

ते बसले. सगळं सभागृह बसून राहिलं. पाहुणे स्वतः एकेक प्रत तिच्यापुढे सरकवत होते, आणि सातव्या शेपटीनंतर प्रत्येक वेळी ती मुखपृष्ठामागच्या पानावरचं स्वतःचं नाव उघडून बघत होती आणि मगच पुस्तक मिटत होती.

दुसऱ्या दिवशी ती छापखान्यात गेली नाही. कचेरीत गेली. रांग तशीच होती, खिडकी तीच होती, आतला माणूस दुसरा होता. तिनं आईच्या नावाचा कागद पुढे केला आणि दुरुस्तीचा फॉर्म मागितला. त्यानं कागद वाचला आणि म्हणाला, यात चूक काय आहे? हयात असतील तेवढीच लिहायची असतात.

"हयात किती ते तुम्ही वेगळं विचारा," बाई म्हणाली. "तिला पाच झाली."

तो म्हणाला, हे मंजूर होईल असं नाही. ती म्हणाली, नाही झालं तर पुन्हा येईन. मागचे लोक कुरकुरायला लागले होते. तिनं त्यांच्याकडे वळून असं पाहिलं की ते गप्प झाले. मग तिनं खिडकीच्या कठड्यावर फॉर्म ठेवला, पाच लिहिलं, आणि 'चुकीचे कारण' या रकान्यात लिहिलं, मूळ प्रतीशी ताडून पाहिले नव्हते. खाली सही केली.